बिनगोळ्यांची सव्वीस जानेवारी

आमच्या शाळेत हजेरी घेताना कुणी 'हजर बाई' म्हणत नसे. नाव पुकारलं की पोरानं ओठ फाकवून 'ई' करायचं, आणि थोरल्या बाईंनी हजेरीपटावरून मान वर करून दात बघायचे. दात दिसले की पोरगं हजर. एखादं नवं पोर तोंड मिटून 'हजर' म्हणालंच, तर बाई म्हणत, "तू आलायस ते दिसतंय मला. दात कुठं ठिवून आलास?"

एकदा तपासणीला साहेब आले. बाईंनी त्यांच्यासमोर नेहमीसारखी हजेरी सुरू केली. पाहुणे आले की त्यांच्याकडे तोंड करून उभं राहायचं, हा शाळेचा नियम. त्यामुळे एकतीस पोरांनी एकेक करून साहेबांकडे बघून दात विचकले. साहेबांनी आधी शर्टाची बटणं चाचपली. मग हळूच खाली नजर टाकून आणखी एक गोष्ट तपासली. तिथंही सगळं ठीक होतं, तेव्हा त्यांनी घाम पुसला आणि मला विचारलं, "मुलं फार आनंदी दिसतात, नाही का?" मी म्हटलं, "हो साहेब, बारा महिने." त्यांनी शेरेपुस्तकात तसं लिहिलंसुद्धा.

शाळा दोन शिक्षकी. पाथर्डीपासून जीपनं तासभर आत, माळावर, दोन खोल्या, एक पिंपळ आणि झेंड्याचा ओटा. त्या मुख्याध्यापक म्हणून थोरल्या बाई आणि मी धाकट्या. माझं वय तेव्हा अडतीस, अक्कल अठराची. नगरहून बदलून आलेली, पदराला पिना लावणारी, आपल्यासारखी प्रेमळ शिक्षिका या माळानं अजून पाहिलेली नाही अशी मनोमन खात्री असलेली बाई. आज ती मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या फुटपाथवरून जाईन.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे नातवाचं बोरन्हाण. परवाच केडगावात केलं. सून यादी करता करता म्हणाली, "आई, यंदा चॉकलेटं नकोच. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, बास. मागच्या वर्षी पोरांनी बोरं तुडवली आणि चॉकलेटांवरून एकमेकांचे केस ओढले. तुमच्या काळी बरं होतं, चॉकलेटंच नव्हती."

मी म्हटलं, "बाई गं, माझ्या काळी चॉकलेटं वाटणारी मीच होते."

तिला वाटलं मी गंमत करतेय.

झालं होतं असं. त्या शाळेत रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात मी काचेची मोठी बरणी आणली. त्यात हिरव्या कागदातल्या गोळ्या. बेरीज बरोबर आली की एक गोळी. चुकली तर रडू नये म्हणून एक गोळी. कुणाचा वाढदिवस असला की दोन, आणि वाढदिवस तर तिथं कुणालाच नक्की माहीत नसायचा, त्यामुळे तो रोज कुणाचा तरी असायचा. मी वर्गात शिरले की पोरं उसळायची. माझा समज असा, की थोरल्या बाईंना पोरं भितात आणि माझ्यावर जीव टाकतात. जीव बरणीवर होता. मी आपली तिचं झाकण.

थोरल्या बाई मला कधी 'गोळ्या देऊ नका' म्हणाल्या नाहीत. त्यांनी काय केलं, तर बाभळीची एक वाळकी फांदी आणून वर्गाच्या कोपऱ्यात मातीच्या डब्यात उभी केली आणि पोरांना सांगितलं, "ज्यानं गोळी खाल्ली त्यानं कागद आणून हितं काट्याला खोचायचा. मी मारणार न्हाई, रागावणार न्हाई. पण खोटं बोलायचं न्हाई." पोरं इमानदार. जूनमध्ये फांदी उघडी होती. ऑगस्टपर्यंत तिला अशी काही हिरवीगार पालवी फुटली की बघत राहावं. पालवी सगळी माझ्या बरणीतली. येणारा-जाणारा विचारी, "काय सुंदर केलंय हो, कुणी केलं?" बाई माझ्याकडे हात करून म्हणत, "धाकट्या बाईंनी. हात लई सढळ आहे त्यांचा."

आणि मी लाजून 'कसचं, कसचं' म्हणायची. खरंच म्हणायची! तीन महिने मला कळलं नाही की ते कौतुक नव्हतं.

बाई दिसायला ठेंगण्या, काळ्यासावळ्या, कडक इस्त्रीचं सुती पातळ, हातात पुरुषी घड्याळ, पायात गड्याच्या चपला. चालायच्या अशा, की बरोबरच्या माणसाला पळावं लागे. जेवताना फक्त डाव्या बाजूनं चावायच्या. कुणी विचारलं तर म्हणत, "उजवीकडचे सात गाळपाला गेले." त्यांचे आई-वडील ऊसतोडीचे. लहानपणी सहा-सहा महिने कारखान्याच्या तळावर, खोपीत. भूक लागली की ऊस, रडू आलं की ऊस, आई फडात गेली की पोरांच्या हातात काकवीचा हात पुसलेली भाकरी. "साखरेचा राग न्हाई मला," त्या म्हणत, "आमची भाकर तिच्यावरच होती. पण रडणाऱ्या पोराच्या तोंडात गोड कोंबलं की ते गप बसतं, आणि मोठ्या माणसांना वाटतं, त्याचं दुखायचं थांबलं."

आमच्या गावातही तेच. दिवाळी आटोपली की ट्रॅक्टर भरून माणसं जायची ती उन्हाळ्यातच परतायची. मागं राहायची म्हातारी माणसं. पूर्वी पोरंही आई-बापांबरोबर जायची आणि शाळा ओस पडायची. थोरल्या बाईंनी पाच वर्षं घरोघर फिरून, हात जोडून, प्रसंगी भांडून पोरं मागं ठेवायला लावली होती. "तुमची पोरं माझ्या हवाली करा. जशी दिली तशी परत घ्या." म्हणून ती दातांची हजेरी. पोरांना त्या म्हणत, "जीभ तुमची, दात माझे. तुमच्या आईला उन्हाळ्यात मोजून द्यायचेत मला."

मला हे सगळं विक्षिप्तपणाचं वाटायचं. दात काय मोजायचे! प्रेम द्यावं पोरांना. गोळी द्यावी.

डिसेंबरात राणीचा गाल सुजला. राणी दुसरीत, माझी लाडकी, बेरजा बरोबरही येणारी आणि चुकल्यावर रडणारीही, म्हणजे दोन्हीकडून गोळ्या मिळवणारी. तिची आजी म्हणाली, "गालगुंड आसंल, हळद लावलीया." थोरल्या बाईंनी बॅटरी मारून तोंडात पाहिलं आणि मला म्हणाल्या, "चला. जीप थांबवा."

पाथर्डीला दातांच्या डॉक्टरांनी बघितलं आणि विचारलं, "हिला एवढं गोड कोण देतं?"

राणीनं सुजलेलं तोंड न उघडता बोट वर केलं आणि सरळ माझ्याकडे रोखलं. खोटं बोलायचं नाही हे तिला शाळेत शिकवलेलंच होतं.

दोन दाढा काढायच्या ठरल्या. पण पोर तोंडच उघडेना. खुर्चीचे दोन्ही हात धरून एकच जप, "आई पायजे, आई पायजे." मी काय करावं? मी पर्स उघडली आणि म्हटलं, "राणी, हे बघ, तोंड उघडलंस तर तुला गोळी देते हं." डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. नर्सही बघत राहिली. पंचवीस गोष्टी आयुष्यात परत घ्याव्याशा वाटतात, त्यात हे वाक्य वरच्या तिनांत आहे.

थोरल्या बाईंनी मला बाजूला सारलं. पिशवीतून मोबाईल काढला, तेव्हा तो छोटा, बटणांचा असायचा, आणि राणीचे आई-बाप ज्या टोळीत होते तिच्या मुकादमाला फोन लावला. "मुकादम, राणीच्या आईला फडातनं बोलवा. आत्ता. गाडी भरायची राहू द्या." दहा मिनिटांनी आईचा आवाज आला. ती काय बोलली ते मला कळलं नाही. रडत होती का रागावत होती तेही कळलं नाही. फोन कानाला धरून राणीनं आ केला, तो दोन्ही दाढा निघेपर्यंत मिटला नाही.

परतताना जीपमध्ये राणी बाईंच्या मांडीवर झोपली. बाईंनी तिच्या तोंडातला कापसाचा बोळा नीट बसवला. मग म्हणाल्या, "धाकट्या बाई, दोन कमी भरले आता. उन्हाळ्यात तिच्या आईला काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी बरणी मी घरी नेली आणि तीत मीठ भरलं.

पण खरी लढाई पुढंच होती. सव्वीस जानेवारी. गावात किराणा दुकान एकच, अण्णांचं. अण्णा ग्रामपंचायतीचे सदस्य, पोट पुढं, मन त्याहून पुढं. दर सव्वीस जानेवारीला झेंडा झाला की ते गोळ्यांचं खोकं फोडून पोरांच्या अंगावर मुठी-मुठीनं उधळत. पोरं धुळीत लोळून वेचत, अण्णा टाळ्या पिटत. आई-बाप नसलेल्या गावातला तो एकच सण. थोरल्या बाई त्यांच्या दुकानात गेल्या, मी मागं पळत.

"अण्णा, यंदा गोळ्या नकोत."

अण्णांना वाटलं, त्यांनी काहीतरी गुन्हा केला. "का वो बाई? काय चुकलं का आमचं?"

"काही न्हाई चुकलं. राणीच्या दाढा काढाव्या लागल्या. यंदा बिनगोळीचा झेंडा करू."

"आवो, गोळी न्हाई मंग पोरं येत्यालच कशाला? सकाळच्या थंडीत. झेंडा काय खायाचा हाय?"

बाईंचं डोकं तापलं की त्यांचं उरलंसुरलं शुद्ध मराठीही गळून पडे. "झेंड्याला पोरं गोळीसाठी येत्यात व्हय? एकतीस पोरं हायेत. एक जरी कमी आलं, तर मी बदली मागून घेती. मंग तुमी बसा गोळ्या उधळीत."

दुकानात राणीची आजी तेल घ्यायला आली होती. तिच्या हातातली बाटली तशीच राहिली. "बाई, आसं वंगाळ बोलू नगा. तुमी गेल्यावर पोरं कुनाच्या भरवशावर ठिवायची? पुन्हा फडात न्यावी लागत्याल."

पण शब्द सुटला होता. अण्णाही इरेला पेटले. "बरं. बघू मंग."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बाई, गोळीऐवजी काय देणार?"

"फोन," त्या म्हणाल्या. राणीला डॉक्टरांच्या खुर्चीत जे मिळालं, ते सगळ्या पोरांना द्यायचं. झेंडा झाला की प्रत्येकानं आई-बापाशी बोलायचं. गावच्या तीन टोळ्या तीन कारखान्यांवर होत्या. महिनाभर त्या मुकादमांच्या मागं लागल्या. कधी गोडीनं, कधी दमानं. पण पोरांना एक अक्षर सांगायचं नाही असं त्यांनी मला बजावलं. "फडात काम थांबलं न्हाई, रेंज मिळाली न्हाई, तर? कबूल करून मोडलं तर पोरं पुन्हा माझ्यावर विश्वास ठेवायची न्हाईत."

आता माझं डोकं बघा कसं चालायचं. मला वाटलं, मुकादम काही फोन उचलत नाही. पोरांना फोनचं माहीत नाही. गोळ्या नाहीत हे मात्र अख्ख्या गावाला माहीत आहे. म्हणजे पोरं येणार नाहीत, बाई जाणार, आणि ही शाळा एकट्या माझ्यावर पडणार. बाईंवरच्या मायेचा त्यात वाटा होता, नाही असं नाही. पण सगळ्यात मोठा वाटा भीतीचा होता. मी पाथर्डीच्या बाजारातून गोळ्यांची भली मोठी पिशवी आणली, शाळेच्या कपाटात नकाशांमागं लपवली, आणि चौथीच्या दोन पोरींना कोपऱ्यात घेऊन म्हटलं, "कुणाला सांगू नका, पण सगळ्यांना सांगा. झेंडा झाला की धाकट्या बाई गुपचूप गोळ्या देणार आहेत."

सव्वीस जानेवारीला सकाळी धुक्यातून पोरं आली. तेल चोपडून, एकाच्या अंगावर दुसऱ्याचा सदरा, पण आली. बाई मोजत होत्या. एकोणतीस, तीस. एकतिसावा पहिलीतला गण्या, आजोबांच्या खांद्यावर. अण्णा पिंपळाखाली हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी बाईंकडे बघून मान डोलावली. बाईंचा चेहरा असा फुलला, की मी चटकन दुसरीकडे बघितलं.

झेंडा झाला, राष्ट्रगीत झालं. शाळेत रेंज फक्त झेंड्याच्या ओट्यावर यायची. बाई ओट्यावर चढल्या आणि फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. पोरं ओळीत, काय चाललंय ते न कळून चुळबुळत. दोघी-तिघी माझ्याकडे बघून खुणावत होत्या. मी नकाशाच्या कपाटाकडे सरकणार, एवढ्यात बाई ओरडल्या, "हां मुकादम! बोला! सगळी उभी हायेत? मग द्या पहिल्याला!"

आणि ओळीला कळलं.

त्यानंतर तीन-चार तास त्या ओट्यावर जे चाललं होतं त्याचं वर्णन मला करता येत नाही, आणि मी शिक्षिका आहे, निबंध शिकवलेत मी. माझाही फोन कामाला लागला. कुणी शेळी व्याली ते सांगत होतं, कुणी पाढे म्हणून दाखवत होतं. गण्या एक शब्द बोलला नाही, नुसता जोरजोरात श्वास सोडत उभा राहिला आणि फोन देईना. राणीची पाळी आली. तिनं फोन कानाला न लावता तोंडासमोर धरला आणि त्याला दात दाखवले. "आई, ईऽऽ!"

मी शेजारीच होते. पलीकडून आवाज आला, "दिसलं गं बाय. दोन कमी हायेत."

तिसऱ्या टोळीचा फोन अकराला लागला. पोरं बसून राहिली. ज्यांचं बोलून झालं होतं तीही गेली नाहीत. दुसऱ्याच्या आईचं ऐकत बसली. बाराला सगळं संपलं, पोरं घरी गेली. अण्णा जाताना म्हणाले, "बाई, जितलात." आणि माझी पिशवी कपाटात नकाशांमागं जशीच्या तशी.

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या पोटात काही राहत नाही. जीपची वाट बघताना बाई इतक्या खुशीत होत्या, स्वतःशी गुणगुणत होत्या, की मला ते सोसवेना. मी सगळं सांगून टाकलं. पिशवी, चौथीच्या पोरी, सगळं.

बाईंचं गुणगुणणं थांबलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "म्हणजे अण्णा खरे." आणि जीप आल्यावर पुढं बसल्या, मला मागं बसावं लागलं.

पुढच्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या अण्णांच्या दुकानी गेल्या. मी मागं होतेच. काउंटरवर त्यांनी एक आखीव कागद ठेवला. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. वरच लिहिलेलं, 'विनंती बदलीबाबत अर्ज'.

"अण्णा, मी हरले. पोरं गोळ्यांसाठी आली होती. यांनी कबूल केल्या होत्या. अर्ज आजच पाठवते. तुम्हाला आधी दाखवावा म्हणून आणला."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"तुमी गोळ्या आणल्या हुत्या?"

"हो."

"मंग वाटल्या का न्हाई?"

"कुणी मागितल्याच नाहीत."

"येकानंबी न्हाई?"

मी आठवून बघितलं. "फोन लागायच्या आधी दोघी-तिघी खुणावत होत्या. फोन लागल्यावर नाही. एकानंही नाही."

अण्णा बाईंकडे वळले. "आली आसतील गोळीसाठी, म्या कुठं न्हाई म्हनतो. पर बारा वाजंस्तवर बसली कशापायी? ते सांगा. म्याबी बसलो हुतो की. माझं तर फडात कुनीच न्हाई."

बाई काउंटरवरचा अर्ज हातानं सरळ करत राहिल्या.

अण्णांनी तो अर्ज उचलला. वाचला नाही. हाताच्या सवयीनं गुंडाळला, खालचं टोक मुडपून कोन केला, बरणीतून नुकत्याच भाजलेल्या शेंगदाण्यांचा एक पसा त्यात ओतला आणि बाईंसमोर धरला.

"घ्या. गरम हायेत."

बाईंनी कोन हातात घेतला. मग दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि मला शेजारी बसायची खूण केली. आम्ही दोघींनी एकेक दाणा करत ती पुडी संपवली. माझ्या बाजूला कागदावर 'विनंती' दिसत होतं, त्यांच्या बाजूला त्यांची सही. शेवटचा दाणा त्यांनी मला दिला, कोन उलटा करून पायरीवर झटकला, कागद हातानं सरळ करून चार घड्या घातल्या आणि उठून काउंटरवर ठेवला.

"रद्दीत टाका, अण्णा," म्हणाल्या, आणि घंटा व्हायला आली म्हणून शाळेकडे ताडताड चालू लागल्या. मी पळत सुटले.